घराच्या आवारात करवंद: रोप निवडण्यापासून लोणच्यापर्यंत सगळं

करवंद ही मुद्दाम लावायची गोष्ट आहे हे आपल्याकडे बऱ्याच जणांच्या डोक्यातच येत नाही. मे महिन्यात घाटातून येताना 'डोंगरची काळी मैना' म्हणत बसलेल्या मावशीकडून पानाच्या द्रोणातली घ्यायची, गाडीत खात यायचं, बोटं चिकट करून घ्यायची, विषय संपला. आणि त्याच लोकांच्या बंगल्याच्या कंपाऊंडला बघाल तर डुरांटा नाहीतर अजून कसली तरी शोभेची झुडपं, ज्यांना उन्हाळाभर पाइप लावून बसावं लागतं. करवंद तर इथलंच आहे, सह्याद्रीच्या उघड्या उतारावर, कोकणातल्या कातळावर, जिथं चार बोटं माती असते तिथं कुणी न लावता येतं, बारा महिने हिरवं राहतं, फुलांना वास असतो, फळ खाता येतं आणि काटे असे की वेगळ्या कुंपणाची गरज नाही.

घरी लावलेल्या करवंदाची तक्रार बहुतेक वेळा एकच ऐकू येते, झाड मस्त वाढलंय पण फळ काही धरत नाही. आणि बघायला गेलं तर कारण असतं जास्तीचं पाणी, जास्तीचं खत किंवा भलत्याच महिन्यात मारलेली कात्री. त्यामुळे हा लेख वाचताना काय करायचं यापेक्षा काय करायचं नाही तिकडे जास्त लक्ष द्या.

आधी ठरवा, खायचं करवंद हवं की लोणच्याचं

नर्सरीत जाऊन नुसतं "करवंद द्या" म्हटलं तर हातात तीनपैकी काहीही पडू शकतं.

पहिलं म्हणजे आपलं डोंगरातलं, पिकलं की काळंभोर होणारं. हे तसंच तोंडात टाकायचं. बियांपासून केलेलं असेल तर प्रत्येक झाडाची चव वेगळी, एक गोड, शेजारचं नुसतं आंबट, काहीचं फळ वाटाण्याएवढं तर काहीचं चांगलं बोराएवढं. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठानं 'कोकण बोल्ड' नावाची निवडलेली जात दिलीय, तिचं फळ मोठं असतं. कोकणात राहत असाल किंवा तिकडे जाणं होत असेल तर हीच शोधा, डोकं लावायचं कारण नाही.

दुसरं म्हणजे उत्तरेकडून येणारं, पांढरट फळावर गुलाबी छटा असलेलं करवंद. पंतनगरच्या कृषी विद्यापीठाच्या पंत मनोहर, पंत सुदर्शन या जाती त्यातल्याच. दिसायला फार सुंदर, झाड लगडलं की फोटो काढायचा मोह होतो, पण तसंच खायला घेतलं तर चेहरा वाकडा होतो. हे लोणचं, चटणी आणि पाकातल्या चेरीसाठी. केकवर आणि पानात जी लालभडक 'चेरी' मिळते ती पुष्कळदा करवंदाचीच असते, रंग आणि साखर घालून केलेली. उत्तरेत याची फळं पावसाळ्यात येतात, म्हणून आपल्याकडे लावलेल्या अशा झाडाला मे महिन्यात काहीच दिसलं नाही म्हणून लगेच उपटू नका.

तिसरं, नेटाल प्लम. हे मूळ दक्षिण आफ्रिकेतलं, करवंदाचं चुलत भावंड. पानं जाड, गोलसर आणि चकचकीत, फूल बरंच मोठं, फळ पिकलं की लाल होतं. खाता येतं, वाईट काही नाही, पण इथलं झाड लावायचं म्हणून गेला असाल तर ते हे नाही, आणि नर्सरीवाले यालाही बिनधास्त करवंद म्हणून विकतात.

माझं मत विचाराल तर कुंपण करायचं असेल तर काळ्या करवंदाची बियांची रोपं लावावीत, स्वस्त पडतात, काटक असतात, आणि दहा-पंधरा झाडांत दोन-चार तरी गोड निघतातच. एकच झाड लावायला जागा असेल तर मात्र जशी निघेल तशी म्हणून सोडू नका, गुटी कलमाचं (झाडावरच फांदीला मुळं फोडून केलेलं रोप) घ्या, म्हणजे आईच्या झाडाचं फळ जसं तसंच याचं.

आणि हो, जंगलातून उपटून आणायचं नाही. राखीव जंगलातून रोप काढणं हा कायद्यानं गुन्हा आहे हे तर झालंच, पण तसंही डोंगरातल्या करवंदाचं मूळ दगडाच्या फटीत खोल गेलेलं असतं, ते तुटतं आणि घरी आणेपर्यंत झाड मेलेलंच असतं. फळं आणा की, बी आपोआप येतं.

बियांपासून रोप

हे सगळ्यात सोपं, फक्त वेळ लागतो. पिकून काळी झालेली, दाबली की मऊ लागणारी फळं घ्या, आणि ज्या जाळीचं, म्हणजे झुडपाचं, फळ चवीला आवडलं तिचीच घ्या, गर खा आणि बिया बाजूला ठेवा. एका फळात चार-पाच चपट्या तपकिरी बिया सहज निघतात. त्यांना गर चिकटून राहतो, तो साध्या पाण्यानं लवकर सुटत नाही, चाळणीत थोडी राख किंवा बारीक वाळू घालून हातानं चोळलं की बी मोकळं होतं. मग धुवून एक दिवस सावलीत कागदावर पसरा आणि लगेच पेरून टाका. यात 'लगेच' महत्त्वाचं आहे, कारण या बिया ठेवून टिकत नाहीत, डबीत भरून पुढच्या वर्षी पेरू म्हणाल तर उगवण नावालाच होते.

पिशवीत माती, चाळलेलं शेणखत आणि वाळू सारखं घ्या, बी जेमतेम अर्धा इंच खाली, वर झारीनं पाणी, आणि पिशव्या अर्धवट सावलीत. साधारण तीन-चार आठवड्यांत कोंब वर येतात. मे अखेरीला पेरलं की पावसाची हवा लागते आणि रोपं बरी धरतात, पण पहिल्या वर्षी वाढ एवढी हळू की वाटतं हे काही होत नाही. होतं. पुढच्या जूनपर्यंत फूटभर झालं की जमिनीत लावायला तयार. बियांच्या झाडाला पहिली फळं तिसऱ्या-चौथ्या वर्षी धरायची, त्याआधी अपेक्षा ठेवू नका.

गुटी कलम, ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी

नुसती फांदी खोचून करवंद फार कमी वेळा लागतं, त्यामुळे गुटी बरी. जुलैमध्ये, हवेत ओल असताना, पेन्सिलएवढ्या जाडीची, फार कोवळीही नाही आणि जून झालेलीही नाही अशी फांदी निवडा. शेंड्यापासून फूट-दीड फूट खाली इंचभर रुंदीची साल गोल सोलून काढा. लगेच पांढरा चीक भळाभळा येईल, करवंद कण्हेर आणि चाफ्याच्या कुळातलं आहे, त्या सगळ्यांनाच चीक असतो. ओल्या फडक्यानं पुसत राहा, वाहायचा थांबेपर्यंत थांबा. मग सोललेल्या भागाच्या वरच्या कडेला रूटिंग हार्मोनची (मुळं फुटायला मदत करणारी) पावडर, त्याच्याभोवती पिळून घेतलेलं ओलं मॉस (शेवाळ), आणि वरून पारदर्शक प्लास्टिक दोन्ही बाजूंनी सुतळीनं घट्ट. पारदर्शक यासाठी की आत मुळं आली का ते बाहेरून दिसतं. दीड-दोन महिन्यांत मुळं दिसली की खालून कापून पिशवीत लावा आणि नवीन पालवी फुटेपर्यंत सावलीत ठेवा. सगळ्या गुट्या लागत नाहीत, म्हणून एकाच झाडावर चार-सहा बांधायच्या.

जाळीच्या खालच्या फांद्या जमिनीला टेकत असतील तर अजून सोपं, फांदीला खालून थोडी खाप द्या, तो भाग मातीत दाबा, वर दगड ठेवा आणि पावसाळाभर विसरून जा.

जागा

दिवसभर ऊन. याला पर्याय नाही, सावलीत झाड जगतं, उंच होतं, विरळ होतं, पण फुलत नाही. माती कसली का असेना, मुरूम, जांभा, दगडगोटे, थोडी खारट जमीन, करवंदाचं काही म्हणणं नसतं, फक्त पाणी साचायला नको. घाटावर काळ्या मातीत लावणार असाल तर तिथेच खरा धोका, पावसात ती माती पाणी धरून बसते आणि मूळ कुजतं, म्हणून अशा ठिकाणी खड्ड्यात न लावता मुरूम घालून फूटभर उंच वरंबा करा आणि त्यावर लावा.

काट्यांचा विचार आधीच करून ठेवायचा. जोडीजोडीनं येतात, कडक असतात, जुन्या फांदीवर तर टोकाला दुभंगलेले सुद्धा, आणि वाळून पडलेला काटा चप्पल भेदून आत जातो, स्कूटरचं टायरही सोडत नाही. म्हणून गेट, पार्किंग, लहान मुलांची खेळायची जागा, कपडे वाळत घालायची दोरी, या सगळ्यापासून पाच-सहा फूट लांब. कंपाऊंडच्या भिंतीला अगदी चिकटूनही लावू नका, मागच्या बाजूची छाटणी करायला हात जायला हवा ना. मोकळं सोडलं तर आठ-दहा फूट उंच आणि तेवढंच पसरतं हे रोप लावताना डोळ्यापुढे ठेवा.

अंतराचं म्हणाल तर कुंपणासाठी अडीच-तीन फूट, गुरांचा त्रास असेल तर दोन ओळी, दुसऱ्या ओळीतलं रोप पहिल्या ओळीतल्या दोघांच्या मधे. फळासाठी मोकळं झाड वाढवायचं असेल तर सात-आठ फूट सोडा.

लावणी

मे महिन्यात दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डे काढून तसेच उन्हात तापू द्या. जूनच्या आधी वरची माती, एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड मिसळून भरून टाका, मुरमाड जागेत वाळवी असते तिच्यासाठी पेंड उपयोगी. कच्चं शेण अजिबात नको. दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमीन खालपर्यंत भिजली की लावायचं, पहिल्या सरीला उत्साहात लावून मग पंधरा दिवस पावसानं दडी मारली की पाण्याच्या बादल्या वाहाव्या लागतात.

पिशवी ब्लेडनं उभी कापा, मातीचा गोळा फुटू देऊ नका, आणि पिशवीत जेवढं खोल होतं तेवढंच खोल लावा. बुंध्याजवळ माती थोडी उंच, म्हणजे पाणी बाहेर जाईल. शेळ्या फिरत असतील तर पहिली दोन वर्षं भोवती काटेरी फांद्या किंवा तारेची जाळी लावा, मोठ्या झालेल्या करवंदाच्या वाटेला गुरं जात नाहीत पण कोवळा शेंडा शेळी खुडतेच.

पाणी आणि खत, म्हणजे खरं तर कमी पाणी आणि कमी खत

पहिला हिवाळा आणि पहिला उन्हाळा आठवड्यातून एकदा आळं भरून पाणी, बुंध्याभोवती पालापाचोळ्याचं जाड आच्छादन. दुसऱ्या उन्हाळ्यात दहा-बारा दिवसांनी. तिसऱ्या वर्षापासून झाड आपलं आपण बघून घेतं, मूळ खाली गेलेलं असतं.

फळ धरायच्या वयाला आलेल्या झाडाचं पाणी नोव्हेंबरपासून तोडा. डोंगरात पाऊस थांबला की जमीन कोरडी पडत जाते, झाड वाढ थांबवतं आणि मग जानेवारी ते मार्च फुलतं, आपण घरी ड्रिप चालू ठेवून त्याला थांबूच देत नाही, ते बिचारं पानं काढत बसतं. लॉनच्या शेजारी लावलेली करवंदं फुलत नाहीत त्याचं कारण बहुतेक वेळा लॉनचा स्प्रिंकलर असतो. फुलं गळून हिरवी बारकी फळं दिसायला लागली की मग पुन्हा आठ-दहा दिवसांनी हलकं पाणी द्या, फळ पोसतं आणि गळ कमी होते.

खत वर्षातून एकदा, पावसाच्या तोंडावर, मोठ्या झाडाला आठ-दहा किलो शेणखत, झालं. युरिया टाकू नका. गुलाबाला घालतो ते लिक्विड खत उरलं म्हणून इकडे ओतू नका.

छाटणी

ज्यांनी बाकी सगळं नीट केलं त्यांचंही इथे चुकतं, म्हणून थोडं सविस्तर.

करवंदाची फुलं फांद्यांच्या टोकाशी झुबक्यानं येतात. जवळ जाऊन बघा, पाच पाकळ्यांचं पांढरंशुभ्र फूल, पाकळ्या भिंगरीसारख्या एका बाजूला किंचित वळलेल्या, खालची बारीक नळी कधी गुलाबीसर, आणि वास जाईच्या जवळ जाणारा. हे झुबके ज्या टोकांवर येणार ती टोकं पावसाळ्यात वाढून हिवाळ्यात पक्की होतात. आता माळीबुवा दिवाळीनंतर किंवा नाताळच्या सुमारास येऊन कुंपण सफाचट चौकोनी करून गेले की सगळा मोसम त्या कचऱ्याच्या ढिगात गेला. वरून छान हिरवं दिसतं, फूल एकही नाही.

म्हणून छाटणी वर्षातून एकदाच, फळं संपल्या संपल्या, मे अखेर ते जूनचा मध्य. त्यानंतर नवीन फुटव्याला अख्खा पावसाळा मिळतो. काय काढायचं, तर वाळलेल्या फांद्या, एकमेकींवर घासणाऱ्या, आत गुंतलेल्या आणि जमिनीवर लोळणाऱ्या. बाहेरची टोकं वितभर कमी केली तरी पुरे. बियांच्या रोपाचा शेंडा पहिल्या-दुसऱ्या वर्षी फूट-सव्वा फुटावर खुडला तर खालून फुटवे येऊन जाळी दाट होते, कुंपणाला हे करायलाच हवं, कारण एकदा खालून पोकळ वाढलं की कुत्री तिथूनच ये-जा करतात.

चौकोनी भिंतीसारखं कुंपण आणि भरपूर फळ, दोन्ही एकत्र होत नाही. ज्यांना रस्त्याकडची बाजू नीटनेटकी हवी त्यांनी तेवढीच कापावी आणि आतली बाजू मोकळी सोडावी, हा मला सगळ्यात व्यवहारी तोडगा वाटतो. छाटताना चामड्याचे हातमोजे, फुल बाह्यांचा शर्ट आणि चष्मा घाला, चीक डोळ्यात उडाला तर चुरचुरतं, लगेच भरपूर पाण्यानं धुवा.

कुंडीत होतं का?

होतं, पण फळ ओंजळभर. अठरा इंचांची कुंडी किंवा ग्रो बॅग, खाली भोकं मोठी, मातीत मुरूम किंवा विटांचे तुकडे मिसळलेले, आणि गच्चीवर पूर्ण ऊन. कुंडीतलं झाड जमिनीतल्यासारखं पूर्ण कोरडं ठेवता येत नाही, वरची दोन इंच माती सुकली की पाणी. बाल्कनीत लावू नका, अरुंद जागेत काटे रोज अंगाला लागतात.

रोगकिडी

फार काही नाही. पिठ्या ढेकूण दिसला तर पाइपच्या जोरदार फवाऱ्यानं धुवा, मग निंबोळी तेल आणि थोडा साबण घालून फवारा, मुंग्यांची रांग असेल तर तीही मोडा कारण त्याच त्याला इकडून तिकडे नेतात. कधी बोटाएवढी जाड हिरवी अळी दिसेल, पुढच्या बाजूला निळसर डोळ्यांसारखे दोन ठिपके, ही कण्हेरीवर आणि तगरीवर येते तीच, हॉक मॉथ नावाच्या मोठ्या हिरव्या पतंगाची. एखाद-दोन असतील तर असू द्या, जास्त असतील तर काडीनं उचलून बाजूला करा. पावसात फांद्या टोकाकडून वाळत खाली यायला लागल्या तर जिथं आत हिरवं लाकूड लागतं तिथपर्यंत कापा, आणि बुंध्याशी पाणी साचतंय का ते बघा.

बुलबुल येणारच. पिकलेली फळं खातात, आणि काट्यांच्या आडोशाला मांजर पोचत नाही म्हणून घरटंही बांधतात. घरटं दिसलं तर त्या बाजूची छाटणी पुढे ढकला.

काढणी आणि पुढे

लोणच्यासाठी फळ मार्च अखेर ते एप्रिलमध्ये, पूर्ण पोसलेलं पण हिरवं, बी कडक व्हायच्या आधी. देठ तोडला की चिकाचा पांढरा थेंब येतो, म्हणून काढलेली फळं थेट मिठाच्या पाण्याच्या भांड्यात टाकायची, तासाभरानं चोळून धुवायची. मग पुसून कोरडी करून अर्धी चिरा, बी काढा आणि कैरीच्या लोणच्याचा जो तुमच्या घरचा मसाला असेल तोच वापरा, तेल मात्र फळं बुडतील एवढं. आंबटपणा जबरदस्त असतो, त्यामुळे थोडा गूळ घातलेलं लोणचं जास्त छान लागतं.

काळी खायची करवंदं एप्रिल अखेरपासून पहिल्या पावसापर्यंत. सगळी एकदम पिकत नाहीत, एकाच झुबक्यात हिरवं, लाल आणि काळं तिन्ही असतं, दोन-तीन दिवसांनी फेरी मारायची आणि बोट लावल्यावर सुटेल तेवढंच घ्यायचं. ओढावं लागलं तर ते अजून तयार नाही, ओठाला चीक लागेल. घरात मुलं असतील तर फळ फोडायच्या आधी 'कोंबडा की कोंबडी' विचारायचं, आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी, हा खेळ त्यांना माहीत नसेल तर झाड लावून काय उपयोग.

पिकलेली फळं बाहेर दोन-तीन दिवसच टिकतात. जास्त निघाली तर सरबत नाहीतर जॅम. करवंदात पेक्टिन भरपूर असतं, अर्धकच्ची लाल फळं थोडी मिसळली की जॅम आपोआप घट्ट होतो, बाजारातली पेक्टिन पावडर लागत नाही. फळं थोड्या पाण्यात शिजवून चाळणीतून गाळून घ्यायची म्हणजे बी आणि साल वर राहते, मग गराएवढी साखर, आणि जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात सतत ढवळत आटवायचं. अॅल्युमिनियमचं भांडं आंबटाला नको.

छाटलेल्या फांद्या जाळू नका आणि कचऱ्याच्या गाडीतही देऊ नका, सफाई कामगारांच्या हातात काटे घुसतात. नवीन लावलेल्या कुठल्याही रोपाभोवती त्या गोल रचून ठेवा, शेळ्या आणि कुत्री वर्षभर लांब राहतात आणि तोवर फांद्या खाली कुजायलाही लागतात.